टाळूवरची साय

"गार पडतेय," डॉक्टर मुजावर म्हणाल्या.

माझी नात त्यांच्यासमोरच्या छोट्या खुर्चीत पाय झाडत होती. चार महिन्यांची पोर. नाव शर्वाणी, पण घरात आम्ही चिमी म्हणतो. डॉक्टरांनी तिच्या तोंडातून वाटाण्याएवढा कॅमेरा बाहेर काढला आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे चिमीच्या तोंडातली टाळू दिसत होती, जेवणाच्या ताटाएवढी मोठी. जन्मतः ती मधोमध फाटलेली होती. त्या फटीवर आता पातळ, फिकट पिवळी पट्टी ताणून बसवली होती. दोन्ही कडांकडून लाल शिरांची जाळी तिच्यात शिरायला निघाली होती आणि वाटेतच थांबली होती, उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी वाळूत जिरावं तशी.

"गार म्हणजे ताप नाही. मग ते चांगलंच ना?" माझी सून तेजस्विनी म्हणाली.

"एरवी चांगलं. इथे नाही. पट्टीला ऊब हवी. उबेच्या मागे शिरा येतात. पहिले काही दिवस रेघ छान वर जात होती, मग उतरायला लागली. जंतू म्हणावेत तर तपासणीत काही नाही. शुक्रवारी परत बघू. तोवर ऊब आली नाही तर पट्टी काढावी लागेल."

"आणि दुसरी बसवायची?"

"दुसरी नाही बसवता येणार. नाळेतल्या पेशी एकदाच मिळतात. मग पोरगी वर्षाची झाली की जुन्या पद्धतीचं ऑपरेशन. टाके."

माझा मुलगा गजेंद्र खिडकीजवळ उभा होता. त्याने काहीतरी विचारलं. डॉक्टरांना कळलं नाही. त्यांच्या टेबलामागे एक नोंदयंत्र होतं, खोलीतलं सगळं बोलणं ते भिंतीवर लिहून काढायचं. गजेंद्रच्या नावापुढे त्याने लिहिलं, 'अस्पष्ट'.

"तो विचारतोय, पट्टी काढताना कडा खराब होतात का," तेजू म्हणाली. तिला सवय होती.

"थोड्या होतात," डॉक्टर म्हणाल्या. मग आमच्याकडे आळीपाळीने बघत त्यांनी विचारलं, "घरात काही दिलं का हिला? दुधाशिवाय? मध, चाटण, कुठलं औषध? रागावणार नाही मी. मला फक्त कळायला हवं."

"काही नाही," तेजू म्हणाली. मी नाही म्हटलं. गजेंद्रने मान हलवली. आणि तेजूची नजर माझ्यावर येऊन थांबली.

मिरजेहून सांगलीला यायला वेळ तो काय लागतो. पण त्या मंगळवारी रस्ता संपेना. गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे समोर बघत बसायचं निमित्तही कुणाला नव्हतं.

घरात पाऊल टाकल्यावर तेजू म्हणाली, "आई, खरं सांगा बघू. तुम्ही काही चाटवलंत?"

"नाही गं."

"बारशाला तुम्हीच विचारत होतात, गुटी कधी सुरू करायची म्हणून."

"विचारलं होतं. तू नको म्हणालीस, विषय संपला."

"तुमचे विषय संपत नसतात, आई. पापड नको म्हटलं तरी तुम्ही लाटता."

एरवी मी हसले असते. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याखालची माझी सहाण काढली, फडक्यात गुंडाळली आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "शुक्रवारपर्यंत चिमीला तुम्ही घेऊ नका. राग मानू नका. मला काय करावं तेच कळेना झालंय."

गजेंद्र दारात उभा राहून सगळं ऐकत होता. मला वाटलं, नेहमीसारखाच गप्प आहे.

ही पट्टी काय होती, ते मला समजलं तसं सांगते. चिमी जन्मली तेव्हा तिच्या नाळेतल्या पेशी काढून ठेवल्या. रेशमातलं प्रथिन वेगळं काढून त्याची जाळी विणली, दुधावरच्या सायीएवढी पातळ, आणि त्या पेशी तिच्यावर वाढवल्या. डॉक्टरांनी तिला मोठं नाव सांगितलं होतं. मी आपली साय म्हणायची, आणि पुढे त्यासुद्धा तसंच म्हणायला लागल्या. ही साय फटीवर बसवली की शरीराला वाटतं इथे जखम आहे. तिथे रक्त धावतं, जागा गरम होते, लाल होते. त्या दाहाच्या वाटेने दोन्ही कडांच्या शिरा आत सरकतात आणि मध्यावर एकमेकींना मिळतात. मग पेशींना पोषण पोचतं, त्यांचं मांस होतं, स्नायू होतो, आणि रेशीम विरघळून जातं. टाका नाही, व्रण नाही, पोरीबरोबर टाळूही वाढत राहते. शिरा वेळेत मिळाल्या नाहीत तर मात्र मधल्या पेशी उपाशी मरतात. सायीच्या खाली एक पांढरी प्लेट बसवतात, म्हणजे दूध पिताना तिला धक्का लागत नाही. प्लेटमध्ये ऊब मोजायची सोय असते आणि तिची रेघ घरी फोनवर आणि तिकडे मिरजेच्या केंद्रात एकाच वेळी उमटते. प्लेट रोज काढून, धुऊन, सावलीत वाळवून परत बसवायची. ते काम गजेंद्रने पहिल्या दिवसापासून आपल्याकडे घेतलं होतं. पहाटे चिमी उठली की तो तिला घ्यायचा, म्हणजे तेजूला जरा झोप मिळायची.

जुनी पद्धत काय होती, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ती माझ्या घरात वाढली.

गजेंद्र जन्मला तेव्हा त्याचा ओठ आणि टाळू दोन्ही फाटलेली होती. बोंडल्याने दूध पाजलं की अर्धं नाकातून बाहेर यायचं. ओठ तो तान्हा असतानाच शिवला. टाळूचं ऑपरेशन एका शाळेत भरलेल्या शिबिरात झालं. बाकं बाजूला सारून खाटा टाकल्या होत्या, फळ्यावर आदल्या दिवसाचा सुविचार तसाच होता. डॉक्टर देवमाणूस, पैसा घेतला नाही. पण टाळू शिवायची म्हणजे दोन्हीकडचं मांस ओढून मध्ये आणायचं. ते ताणलेलं राहतं, व्रण कडक होतो, टाळू आखूड पडते. मग बोलताना वारा तोंडात कोंडत नाही, नाकातून निसटतो. प, ब, क, ग ही अक्षरं म्हणायला तोंडात वारा धरावा लागतो. आम्ही आजोबांच्या हौसेने नाव ठेवून बसलो गजेंद्र. त्याला स्वतःचं नाव सांगता येईना. शाळेत पोरं त्याला गेंगाण्या म्हणायची.

बोलायला शिकवणारं माणूस तेव्हा आमच्या भागात नव्हतं. मीच शिकवायची. कागदाचे कपटे ताटलीत ठेवून फुंकर मारायला लावायची, नाक चिमटीत धरून 'प' म्हणायला लावायची. आणि त्याआधी रोज सहाणेवर हळकुंड आणि वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावायची. वेखंडाने वाचा सुटते असं आम्ही सगळ्याच मानायचो. आणि हळदीचं म्हणाल तर हे गेले तरी आमच्या घराचा हळदीचा वास गेला नाही. ह्यांनी जन्म सांगलीच्या हळद पेठेत काढला, आडत दुकानात माल पारखायला होते. कापलं, भाजलं, खरचटलं, घसा बसला, या गावात पहिला हात हळदीच्या डब्याकडेच जातो. वास तिखट, म्हणून गजू तोंड वाकडं करायचा आणि मी त्याला मांडीवर घट्ट धरून गाणं म्हणायची. ते दिवस मला आजही फार गोड वाटतात. तो किती रडायचा ते मागाहून आठवतं.

तो हुशार निघाला, शिकला, बेदाण्याच्या शीतगृहात यंत्रांवर देखरेख करायला लागला. पडद्यासमोर बसायचं, बोलायचं नाही. फोन तो कुणालाच करायचा नाही, मेसेज करायचा. पण पुढे काळच बोलण्याचा आला. लिफ्टला बोलून मजला सांगायचा, बँकेला बोलून ओळख द्यायची, गाडीलासुद्धा सांगायचं कुठे जायचं. आणि टाळूच्या अशा पट्ट्या निघाल्यावर त्याच्यासारखं बोलणारी माणसं कमी कमी होत गेली. थोड्या लोकांसाठी यंत्रांना कोण शिकवत बसणार? एकदा लिफ्टमध्ये तो मजला सांगत राहिला आणि लिफ्ट 'कृपया पुन्हा बोला' म्हणत राहिली. शेवटी तो जिन्याने वर आला. तेजू भेटली तेव्हा मला वाटलं, आता हिच्या तोंडाने बोलेल पोरगा. आणि तसंच झालं.

गुरुवारी दुपारी तेजू चिमीला घेऊन आत झोपली होती. मी मागच्या गॅलरीत बसले होते. फोनवरची रेघ अजून खालीच होती. कठड्यावर काहीतरी पांढरं चमकत होतं, म्हणून उठून बघितलं. चिमीची प्लेट. धुवायला काढली की तिची जोडीची दुसरी बसवायची, म्हणून दोन होत्या. त्यातली ही एक, आतली बाजू वर करून भर उन्हात ठेवलेली.

मी आधी मनात रागावले. सावलीत वाळवायची म्हणून बजावून सांगितलंय, उन्हाने वाकडी झाली तर? उचलून जवळ धरली. आतल्या बाजूला, खोलगट भागात, पुसट पिवळा डाग होता. जिथे ऊन पोचलं होतं तिथे उडालेला, कोपऱ्यात राहिलेला.

हळदीचा डाग साबणाने जात नाही. उन्हाने जातो. ह्यांचे सदरे मी जन्मभर असेच गच्चीवर टाकत आले. हे मला माहीत होतं आणि माझ्या हाताखाली वाढलेल्या आणखी एका माणसाला माहीत होतं.

गजेंद्र संध्याकाळी कामावरून आला, चपला काढत होता. मी प्लेट त्याच्यापुढे धरली. त्याने ती बघितली आणि तो खाली बसला, तिथेच, चपलांच्या शेजारी.

"गजू, हळद?"

"आणि वेखंड," तो म्हणाला. मला त्याचं सगळं बोलणं कळतं. "तू मला लावायचीस तसं. मंगळवारपासून लावलं नाही."

"अरे, पण सांगितलं होतं ना, दुधाशिवाय काही नको?"

"हळद म्हणजे काय औषध आहे का, आई? जखमेवर हळद नाही लावायची तर काय लावायचं?"

मीच त्याला हे शिकवलं होतं.

"तेजूला सांग," मी म्हटलं. "आजच सांग. डॉक्टरांना कळायला हवं."

"सांगतो."

"गजू."

"सांगतो म्हटलं ना. ती माहेरी निघून जाईल, आई. चिमीला घेऊन जाईल आणि परत यायची नाही. तुझ्यावर नुसता संशय आला तर कपाटाला कुलूप लावलंय तिनं."

आतून तेजूची हाक आली, त्याने प्लेट खिशात टाकली आणि तो उठला. रात्रीच्या जेवणाला मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तेजू म्हणाली, "आमटी वाढू का?" त्याने मान हलवली. सकाळी गाडीत बसलो तेव्हाही मी बघत होते. तो खिडकीबाहेर बघत होता. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, ती संपेपर्यंत त्याला तिकडेच बघायचं होतं.

केंद्रात डॉक्टर मुजावर उभ्याच होत्या. हातात मोजे चढवलेले.

"रेघ वर आलेली नाही," त्या म्हणाल्या. "मी पट्टी आजच काढते. थांबलो तर ती सडायला लागेल आणि कडांनाही धोका. सही कोण करणार?"

तेजूच्या मांडीवर चिमी होती. तिने डॉक्टरांच्या हातातली सहीची पाटी घेतली. गजेंद्र भिंतीला टेकून उभा होता, ओठ मिटून. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने डोळे खाली घातले.

मग मीच बोलले. "थांबा डॉक्टर. मी दिलं हिला. हळद आणि वेखंड उगाळून."

तेजूने मान वर केली. ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर मात्र खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "आजी, नीट सांगा. किती दिलं?"

"चिमूटभर."

"कशातून?"

"दुधातून."

"कुठे लावलंत?"

"जिभेवर. पूर्वी लावायचो तसं." मला तेवढंच येत होतं. गजूने कुठे लावलं ते मी विचारलंच नव्हतं, आणि प्लेटमधला डाग त्या घाईत मला आठवला नाही.

"प्लेट तोंडात असताना?"

"होय."

डॉक्टर भिंतीवरच्या चित्राकडे वळल्या. "मग हे कारण नाही, आजी. जिभेवर दुधातून दिलेलं पोटात गेलं. प्लेटमुळे पट्टीला पोचलंच नसणार. द्यायला नको होतं, पण पट्टी त्यामुळे गार पडलेली नाही. आपण काढू या." आणि त्या उठल्या.

मी जे वाचवायला गेले तेच माझ्या हातून जात होतं. मी गजेंद्रकडे वळले, पण तोवर तो भिंतीपासून सुटून टेबलापर्यंत आला होता. तो बोलला. घाबरला की त्याचा सगळा वारा नाकातून जातो, शब्दाला काही उरत नाही. भिंतीवर उमटलं, 'अस्पष्ट'. तो परत बोलला, मोठ्याने. 'अस्पष्ट'. त्याने फोन काढून टाइप करायला घेतलं, पण बोटं धड अक्षरावर पडेनात.

"बोल ना तू," तेजू म्हणाली. "मी सांगते त्यांना."

मला म्हणावंसं वाटलं, तू नको गं. पण दुसरं होतं कोण?

"तो म्हणतोय, आईनं काही दिलेलं नाही," तेजू सांगायला लागली. चिमीला थोपटत, नेहमीच्या सवयीने, तो बोलला की लगेच. "आई खोटं बोलतेय. तिला कालपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं. मी लावली."

आणि ती थांबली. भिंतीवर तिच्याच नावापुढे, स्वच्छ अक्षरांत, उमटलं होतं, 'मी लावली'.

"कुणी? तुम्ही?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"हा," तेजू म्हणाली. तिचा हात चिमीच्या पाठीवर तसाच राहिला होता. मग ती गजेंद्रला म्हणाली, "पुढे बोल."

"काय लावलं, कशात उगाळलं?" डॉक्टर विचारत होत्या.

"हळकुंड आणि वेखंड. सहाणेवर. दुधात." तिने गजेंद्रकडे बघितलं. "माझ्या दुधात. मी काढून ठेवायची त्यातल्या."

"कुठे?"

"प्लेटच्या आत. पट्टीला लागेल असं. जखम तिथे आहे म्हणून."

"किती?"

"नखावर मावेल एवढं. रोज पहाटे. पट्टी बसवल्यापासून चार-पाच दिवसांनी सुरू केलं. मंगळवारपर्यंत."

डॉक्टरांनी मोजे काढून टेबलावर टाकले आणि त्या मदतनीस मुलीला म्हणाल्या, "काढायचं सामान परत ठेव." मग आमच्याकडे वळल्या. "हळद दाह मारते. म्हणूनच ती चांगली. पण आम्हाला इथे पहिला दाहच हवा होता, आणि तुम्ही तो रोज सकाळी विझवत होता. पट्टी मुळातच पिवळी, म्हणून मला रंग दिसला नाही. पाण्याने धुऊनही काही झालं नसतं, हळद पाण्यात विरघळत नाही. तेलकट द्रावण लागेल."

"मग वाचेल?" तेजूने विचारलं.

"ते सांगते. पट्टी आत्ता काढली तर निदान कडा शाबूत राहतील. जुनं ऑपरेशन होईल. नाहीतर पट्टी धुवायची, कडांना बारीक सुया टोचायच्या आणि दाह मुद्दाम उठवायचा. पोरीला ताप येईल, दुखेल, ती रडेल, आणि तो ताप उतरायचं औषध मी देणार नाही. पेटलं तर शिरा परत चालायला लागतील. नाही पेटलं तर पट्टी सडेल, कडा मरतील. फट आजच्याहून रुंद होईल. मग टाके घालणंही कठीण."

"कितपत शक्यता आहे?"

"माझ्याकडे आकडा नाही. असं आधी कुणी केलेलं नाही."

गजेंद्र तेजूला काहीतरी म्हणाला. ते तिने डॉक्टरांना सांगितलं नाही. तो म्हणाला होता, "तिला माझ्यासारखं बोलायला लागू नये एवढंच वाटत होतं मला."

तेजू त्याच्याकडे वळली. "मला तुझं बोलणं कधी खटकलं? तू एकदा तरी विचारलंस? तुलाच ते चालत नाही. आणि त्यापायी आपण इथवर आलो." तिचा आवाज चढला नाही. "आता सांग, काय करायचं? तुझ्यासाठी नको सांगूस. हिच्यासाठी सांग."

त्याने चिमीच्या तळपायाला बोट लावलं. ती पाय झाडत राहिली. "धुऊ दे," तो म्हणाला. तेजूने पाटीवर सही केली.

चिमीला काचेच्या खोलीत नेलं. आत पालकांपैकी एकालाच राहता येत होतं. मदतनीस मुलीने तेजूसाठी गाऊन आणला, पण तेजूने तो गजेंद्रच्या हातात दिला.

"हा थांबेल. मी आत गेले तर तिचं रडणं ऐकून सगळं बंद करायला लावीन. यानं हे सोसलंय. हा नाही लावणार." मग त्याला म्हणाली, "मध्येमध्ये फोन करायचा. मेसेज नको. फोन."

त्याने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने त्याला कृष्णेच्या पुरात उडी मारायला सांगितलं होतं. मग गाऊन घालून तो आत गेला.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. काचेचं दार बंद होतं, पण चिमीचं रडणं यायचंच.

"आई," बऱ्याच वेळाने तेजू म्हणाली, "त्यानं केलं ते मला समजतं. तुमचं समजत नाही. तुम्ही खोटं बोललात आणि डॉक्टर तर पट्टी काढायला निघाल्या होत्या."

"होय."

"का बोललात?"

"मला वाटलं, काय लावलं ते कळलं की झालं. कुणी लावलं ते कशाला कळायला हवं?"

"मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. आणि उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

जन्मभर मी पोरांचा ताप उतरावा म्हणून देव पाण्यात ठेवले. त्या दिवशी बाकावर बसून मी नातीला ताप यावा म्हणून हात जोडत होते. ही गोष्ट मी कुणाला सांगितली असती तर वेडी म्हणाले असते. पहिले दोन फोन आले तेव्हा गजेंद्र एवढंच म्हणाला, "गार आहे." तिसरा यायला उशीर झाला. तेजूच्या हातात फोन होता, ती फोनकडे न बघता काचेकडे बघत होती. वाजला तेव्हा उन्हं उतरली होती. ती ऐकत राहिली, मग बाकावर बसली.

"कपाळ तापलंय म्हणतो," ती म्हणाली. "रेघ वर निघालीय."

डॉक्टर म्हणाल्या, ही फक्त सुरुवात. पुढचे दिवस आम्ही तिथेच काढले. चिमीला नळीने दूध जायचं. तिचा आवाज बसला, गाल सुकले. एकदा रेघ परत घसरली तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा सुया टोचल्या, आणि तेजू लॉबीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कानावर हात ठेवून उभी राहिली. गजेंद्र बाहेर आला नाही. फोन मात्र करत राहिला. आधी एक शब्द, मग एक वाक्य. नंतर नंतर तो सांगायला लागला की डावीकडची शीर कशी पुढे आलीय, उजवीकडची कशी मागे आहे, चिमीने त्याचं बोट कसं धरलंय. तेजू फारसं बोलायची नाही. पण फोन ठेवायचीही नाही.

शेवटचा फोन आला त्या सकाळी बाहेरची लॉबी भरलेली होती. तपासणीला आलेली माणसं, नंबर पुकारणारं यंत्र, चहाचे पेले. तेजूच्या एका हातात डबा होता, म्हणून तिने फोन बाकावर ठेवून आवाज मोठा केला.

"मिळाल्या," गजेंद्रचा आवाज आला. भर गर्दीत, नाकातून, जसा आहे तसा. "दोन्हीकडच्या मिळाल्या. मागच्या टोकाला भोक राहिलंय, जिऱ्याएवढं. ते पुढे बघू म्हणतात. पण मधल्या मिळाल्या, तेजू. मी बघितलं. रक्त इकडून तिकडे जाताना दिसतंय."

समोरच्या बाकावरच्या दोन बायकांनी वळून बघितलं. एकजण तेजूला म्हणाली, "काय म्हणतायत हो ते? काही कळेना."

तेजूच्या तोंडावर उत्तर आलं होतं, मला दिसलं. तो बोलला की लगेच सांगायची तिची सवय. पण तिने ते गिळलं.

"जरा नीट ऐका, कळेल," ती त्या बाईला म्हणाली. मग फोनकडे वाकली. "गजेंद्र, परत सांग. इथे सगळे ऐकतायत."

पलीकडे तो परत पहिल्यापासून सांगायला लागला.